शेवभाजीचा वार

"ताप किती?" असं भालेराव ब्रदरनी कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. ते विचारायचे, "ताप कितवा?"

नवा माणूस गोंधळायचा. मग ब्रदर टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत, या पायावरून त्या पायावर होत म्हणायचे, "अरे बाबा, कितवा दिवस? आकडा मला मशीन सांगतंय. दिवस तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

आणि तो माणूस सांगायचा, "कालपासून."

सगळे 'कालपासून'च सांगायचे. डोळे लाल, ओठ सुकलेले, उभं राहायला भिंत लागतेय, तरी काल. ब्रदर म्हणायचे, "या कंपनीत परवा नावाचा दिवसच नाही."

ही गोष्ट चाकणजवळच्या महाळुंग्याच्या कंपनीतली. गाड्यांचे सुटे भाग बनायचे. मी टाइम ऑफिसला होतो, ब्रदर फर्स्ट-एड रूमला, मधे फक्त एक पार्टिशन. हजेरी, सुट्या, ओव्हरटाइम, बस, कँटीन, म्हणजे ज्याला दुसरा कुणी वाली नाही ते सगळं टाइम ऑफिसच्या गळ्यात असायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांनी याच पट्ट्यात आधी शेती केली, मग लोडिंग केलं. त्यामुळं टेबल-खुर्चीची नोकरी मला मिरवावीशी वाटायची, खोटं कशाला बोलू. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ब्रदरनी पहिल्याच दिवशी ती पेनं बघितली आणि माझं नाव ठेवलं, ग्रॅज्युएट. पुढं कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्यांचं स्वतःचं नावही असंच पडलेलं. दवाखान्यात बाई असली की सिस्टर, पुरुष असला की ब्रदर. पण महाळुंग्याच्या जुन्या लोकांना वयानं मोठ्या माणसाला नुसतं ब्रदर म्हणणं उद्धट वाटायचं. म्हणून त्यांनी पुढं भाऊ जोडला. ब्रदरभाऊ. मी एकदा त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगायला गेलो, तर ब्रदरच म्हणाले, "राहू दे की, ग्रॅज्युएट. तुला एकदा तरी कोण भाऊ म्हणतं का? मला दोनदा म्हणतात."

खोलीत त्यांची खुर्ची होती. ती मी कायम रिकामीच बघितली. ब्रदर बसायचेच नाहीत. डबासुद्धा चालत खायचे. संत तुकाराम नगरातून घरून चपातीची गुंडाळी आणायचे, एका हातात ती आणि दुसऱ्या हातानं लाइनवर कुणाच्या कपाळाला उलटी बोटं. कँटीनला ते कधी जेवले नाहीत. दिवसातून चार फेऱ्या मारायचे. मी विचारलं होतं, "प्रेस मशीनच्या या दणदणाटात तुम्हाला खोकला ऐकू कसा येतो?"

"ऐकायचा नसतो. खांदे बघायचे. खोकणाऱ्याचे खांदे लपत नाहीत."

आणि त्यांना घाई असायची. कसली, ते आम्हाला कळायचं नाही. साथ नसतानाही घाई. हातातलं घड्याळ सेकंद काट्याचं, तेही उलटं, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. बोलता बोलता समोरच्याच्या छातीकडं बघायचे, घड्याळाकडं बघायचे आणि म्हणायचे, "एका दमात वीस मोज." मॅनेजरसाहेबांनाही मोजायला लावलं होतं, चालू मीटिंगमध्ये. साहेबांनी मोजले आणि मग विचारलं, हे का? ब्रदर म्हणाले, "जमतंय ना, मग चालू द्या मीटिंग."

साथ दर वर्षी यायची. पावसाळ्यात एकदा, थंडी सरताना एकदा. एका पाळीत चार जण, दुसऱ्या दिवशी अकरा, मग बसमध्ये मागची अख्खी रांग खोकत. लोक म्हणायचे हवा बदललीय, किंवा व्हायरल आहे. नाहीतर ठरलेलं, "यंदा नवीनच कायतरी आलंय म्हणं."

ब्रदर यावर उसळायचे. "नवीन कसलं, राव? दर वर्षी येतो. पाहुणा दर वर्षी येत असला तर त्याच्यासाठी एक चादर तरी काढून ठेवता ना? याच्यासाठी काय काढून ठेवलंय?"

पाऊस सुरू व्हायच्या आधी ते एक अर्ज द्यायचे, लाइनवरच्या सगळ्यांना फ्लूची लस द्या म्हणून. टाइप मी करायचो. एका वर्षी अर्ज मंजूर झाला, पण ऑफिस स्टाफपुरता. माझं नाव यादीत होतं. सुई ब्रदरच्याच हातात. मी बाही वर करत विचारलं, "आणि लाइनवाल्यांचं?"

"पुढच्या वर्षी, म्हणतात."

दंड आपोआप ताठ झाला. ते म्हणाले, "सैल सोड. तू नाही घेतलीस म्हणून त्यांना मिळणार आहे का? सैल सोड म्हणतो ना." पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा मीच टाइप केला. फक्त तारीख बदलली.

कोरोना गेला, पण गेटवर ताप बघायची बंदूक राहिली. ती तात्यांच्या हातात. तात्या महाळुंग्याचेच, त्यांच्या जमिनीवर शेजारची कंपनी उभी आहे आणि ते आमच्या गेटवर सिक्युरिटीला. साथीच्या दिवसांत बंदुकीत कुणी सापडेना आणि आत निम्मी लाइन खांदे हलवतेय. ब्रदर दोन दिवस गेटवर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांच्याच हातून बंदूक घेतली आणि तात्यांच्या कपाळाला लावली.

"माझं कशाला बगता? बंदूक माज्याकडं हाय न्हवं?"

आकडा नॉर्मल आला. ब्रदरनी सहज विचारलं, "तात्या, गोळी कधी घेतली?"

"साडेसाला," तात्या बोलून गेले आणि जीभ चावली.

पहिली पाळी सातची. तापाची गोळी साडेसहाला घेतली की गेटवर ताप उतरलेला. लाइनवर त्या गोळीला नावच पडलं होतं, 'साडेसहाची'. एकमेकांना विचारायचे, "साडेसहाची घेतली का रे?"

"पण तुम्ही का घेता, तात्या?" ब्रदर हसू दाबत होते.

"आता मी खाडा केला तर बंदूक कोण धरंल, ब्रदरभाऊ?"

त्या दिवशी ब्रदर हसले. पण खोलीत आल्यावर सिंकपाशी बराच वेळ हात धूत राहिले. तेव्हा त्यांनी ते सांगितलं, माझ्याकडं पाठ करून. पुन्हा कधी सांगितलं नाही.

स्वाइन फ्लू पहिल्यांदा आला त्या वर्षी ते पिंपरीतल्या एका दवाखान्यात त्याच वॉर्डला होते. सकाळी जायचे, अंधार पडल्यावर यायचे, बाहेरच आंघोळ करून घरात शिरायचे. त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद भोसरीत एका वर्कशॉपला कंत्राटी. एक दिवस तो अंथरुणात दिसला. यांनी विचारलं, "कधीपासून?" तो म्हणाला, "काल."

"मी दिवसभर दुसऱ्यांना शंभर प्रश्न विचारायचो. घरच्याला एकच विचारला आणि उत्तर ऐकून जेवायला बसलो." नळ चालूच होता. "नंतर आई म्हणाली, शुक्रवारपासून कणकण होती त्याला. परमनंटची यादी लागणार होती. खाडा दिसायला नको म्हणून जात राहिला. मी विचारलं तो मंगळवार होता."

मिलिंद त्या अंथरुणातून उठला नाही. नळ बंद करून ब्रदर फेरीला निघाले.

खाडा म्हणजे गैरहजेरी. कंत्राटी माणसाचे खाडे आम्हीच लिहायचो, आणि परमनंटची यादी करताना आधी तेच वाचले जायचे. म्हणून काल. आज म्हणावं तर बहाणा वाटतो. परवा म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, मग दोन दिवस लाइनवर काय करत होतास? काल हे बरोबर मधलं. आम्हीच शिकवलेलं ते.

त्यावर ब्रदरनी एक तोड काढली होती. त्यांच्या भिंतीवर कँटीनचा आठवड्याचा कागद चिकटवलेला होता. शुक्रवारी मटकी, शनिवारी फ्लॉवर-बटाटा, रविवारी अंडाकरी, सोमवारी वांगं, मंगळवारी शेवभाजी, बुधवारी डाळ-पालक. गुरुवारी कंपनीला सुट्टी. माणूस कालपासून म्हणाला की ब्रदर वाद घालायचे नाहीत. मान हलवायचे, कानात थर्मामीटर धरायचे आणि गप्पा मारल्यासारखं विचारायचे, "जेवण जात नाही ना? मला पण होतं असं. पहिल्यांदा घास कडू लागला तेव्हा भाजी काय होती रे?"

"अंडाकरी होती. मी टाकून दिली."

"अंडाकरी टाकलीस? मग ताप खरा." आणि लगेच बोटांवर, रविवार, सोमवार, मंगळवार. "तिसरा दिवस चालू आहे तुझा. चल, चिठ्ठी देतो, आत्ता डॉक्टरकडं." पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरकडं पोचला तर औषध नीट लागू पडतं, असं ते म्हणायचे. नंतर नुसतं मागं धावणं. आणि पाचव्या दिवसाचं त्यांना भय होतं. उतरलेला ताप पाचव्या दिवशी परत चढला की त्यांचा आवाजच बदलायचा.

मी त्यांना म्हटलं होतं, सरळ वार का विचारत नाही? तर म्हणाले, "वार विचारला की माणूस सावध होतो. भाजीबद्दल खोटं बोलावं असं कुणाला सुचत नाही."

आता ते बुधवारचं सांगतो.

थंडी सरतानाची साथ होती. मी दुपारी दोनच्या सुमारास रजिस्टरवर सही घ्यायला त्यांच्या खोलीत गेलो. ब्रदर चक्क खूश होते. गुणगुणत कापूस डब्यात भरत होते.

"ग्रॅज्युएट, आज एक चमत्कार झाला. बालाजी नाही का, असेंब्लीचा, लातूरचा? सकाळी आला. म्हणे, कालपासून अंग दुखायलंय, सर. मी भाजी विचारली. शेवभाजी म्हणाला. शेवभाजी म्हणजे मंगळवार. मंगळवार म्हणजे खरंच काल! इतक्या वर्षांत पहिला माणूस, राव, ज्याचा काल खरोखर काल होता. पाठ थोपटली त्याची."

"मग? पाठवलं कुठं?"

"रूमवर. उद्या सुट्टीच आहे. म्हटलं पडून राहा, पाणी पी, शुक्रवारी सकाळी आधी मला तोंड दाखव."

मी रजिस्टर पुढं केलं. आणि तेव्हा मला आठवलं. कँटीनचा कंत्राटदार शनिवारी सकाळी आला होता. फ्लॉवर आला नाही, आज शेवभाजी करतो, फ्लॉवर मंगळवारी देतो. मी मान वर न करता कागदावर सही केली होती. कागद कँटीनच्या दारावर लागला. ब्रदर त्या दाराकडं कधी जायचेच नाहीत.

"ब्रदर," मी म्हटलं, "शेवभाजी या आठवड्यात शनिवारी झाली."

त्यांचा हात कापसात तसाच राहिला.

"कोण म्हणतं?"

"मीच बदलली. म्हणजे, सही माझी आहे."

त्यांनी बोटांवर मोजलं नाही. ओठ हलले फक्त. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. मग म्हणाले, "तो अठरावर थांबला होता."

"काय?"

"वीस मोज म्हटलं. अठरावर दम घेतला त्यानं. मी म्हटलं, जाऊ दे, कालच तर आलाय ताप." ते दारापर्यंत पोचलेही होते. फोन लावत होते, लागत नव्हता. "कुठली रूम रे त्याची? पत्ता काढ."

मी पत्ता दिला, बाइकची चावी दिली. दारात ते क्षणभर थबकले. फर्स्ट-एड रूम पाळीच्या वेळात रिकामी सोडायची नाही हा नियम त्यांच्याच अक्षरात भिंतीवर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "जा तुम्ही. मी बसतो."

पुढचं मला बालाजीच्या रूम पार्टनरनं सांगितलं. पत्र्याची खोली, चौघांची, बालाजी भिंतीला टेकून बसलेला, आडवं झालं की गुदमरायचा. ब्रदर म्हणाले, मोज. तो सहावर थांबला. ब्रदर म्हणाले, पाहुण्या, खरं सांग आता. तो म्हणाला, "शनिवारपासून हाय, सर. मधी उतरला होता. सकाळच्यान परत चढायलाय. तुमी पाठ थोपटली, मग मला बोलायला लाज वाटली." ब्रदरनी रस्त्यावर आडवं होऊन रिक्षा थांबवली. चाकण चौकातल्या ट्रॅफिकचा भरवसा नव्हता, निघोज्याच्या आतल्या रस्त्यानं काढली, आणि पिंपरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यापर्यंत त्याला एका हातानं ताठ बसवून धरला. बालाजी बरेच दिवस श्वासाच्या मशीनवर होता. मग सुटला. डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारची सुट्टी रूमवर काढली असती तर सांगता आलं नसतं.

इकडं मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो. त्याच तासात प्रेसमधल्या एकाचा तळहात पत्र्यानं फाटला. त्याला आणला तेव्हा मी कापूस दाबून धरला, त्यापलीकडं मला काही येत नव्हतं. रक्त माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. सेफ्टीचे साहेब आले आणि म्हणाले, ब्रदर कुठाय?

चौकशी झाली. जबाब लेखी द्यायचा होता. मराठीत चालेल म्हणाले. आमच्या घरात कागदावर चार ओळी लिहू शकणारा मी पहिला, आणि मी लिहिलं, "भालेराव ब्रदर मला तेथे बसवून निघून गेले." मी बसतो म्हणालो होतो हे लिहिलं नाही. शेवभाजीचा तर विषयच काढला नाही. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. महिनाअखेरीस ब्रदरचं कंत्राट संपलं, ते पुढं वाढवलं नाही. निरोपाला तात्या गेटवर रडले. ब्रदर त्यांना म्हणाले, "रडता काय, खोकला काढा बघू एकदा मोठ्यानं." आणि खांदे बघितले. माझ्याकडं आले, हात पुढं केला, "येतो, ग्रॅज्युएट." मी त्यांच्या डोळ्यांकडं बघू शकलो नाही. घड्याळाकडं बघितलं.

यानंतर ते मला एकदाच दिसले.

चऱ्होलीला मी फ्लॅट बुक केलाय, सातव्या मजल्यावर. घरातला पहिला फ्लॅट, म्हणून काम बघायला सारखा जातो. असाच गेलो होतो, पावसाळ्याचे दिवस, नाक गळत होतं. मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढं एक माणूस या पायावरून त्या पायावर होत उभा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. समोर एक तरुण मजूर, अंगावर चादर.

"बुखार कब से?"

"कल से, भैया."

ब्रदर मान हलवत राहिले. "अच्छा. जिस दिन बदन टूटा, उस दिन स्लॅब कौनसा पडा था?"

"सातवाँ."

ब्रदरनी मान वर करून इमारतीकडं बघितलं, मग सुपरवायझरला हाक मारली, "सातवा कधी पडला?" "सोमवारी." ते खिशातून चिठ्ठ्यांचं पॅड काढत होते, तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"अरे, ग्रॅज्युएट!" चिठ्ठी लिहिता लिहिताच बोलत होते. "आपला काल निदान मागं तरी जातो. यांचा कल दोन्हीकडं जातो, बघ. आणि कँटीनही नाही इथं, जो तो आपलं शिजवतो. मग स्लॅब धरला." चिठ्ठी मजुराच्या हातात देऊन त्याला साइटच्या गाडीकडं पाठवलं. "बालाजीचा फोन असतो अधनंमधनं. मुलगी झाली त्याला."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "जबाब वाचायला दिला होता मला. अक्षर चांगलंय तुझं."

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. उत्तर द्यायला गेलो आणि खोकला आला.

त्यांची नजर माझ्या खांद्यांवर गेली. "कितवा?"

"कालपासू..." तोंडातून निघूनही गेलं होतं.

त्यांनी भाजी विचारली नाही, स्लॅब विचारला नाही. नुसते थांबले. त्यांना उभ्या जागी इतका वेळ स्थिर मी कधी बघितलं नव्हतं.

"रविवारपासून," मी म्हणालो. "आज पाचवा. मधे उतरला होता. आणि त्या दिवशी तुम्ही बसवलं नव्हतं मला, ब्रदर. मीच बसलो होतो."

"मोज," ते म्हणाले.

सिमेंटच्या गोण्यांशेजारी उभा राहून मी मोजायला लागलो. पंधराच्या पुढं त्यांनी घड्याळावरची नजर काढून माझ्या छातीवर ठेवली. वीस झाले. मी दम घेतला.

"बरंय. पण उतरून परत चढलाय, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जा. घरी नाही, ऐकलं का? डॉक्टरकडं." आणि आतून कुणीतरी हाक मारली तसे ते वळलेसुद्धा. पत्र्याच्या ओळीतून भराभरा चालत गेले, प्रत्येक दारापाशी वाकून आत बघत. शेवटच्या दारापाशी थांबले, आत काहीतरी विचारलं आणि मान वर करून बोटानं माझ्या इमारतीचे मजले खालून मोजायला लागले.